त्रास होतो तर विरारला जा म्हणे!

डिलाईलरोडकर:
काल इथे एकाने लिहिलं की लोअर परळच्या पबांवर रडणाऱ्या चाळवाल्यांनी खोल्या विकून विरारला जावं. डोकंच फिरलं. आमची चाळ आणि हे पब आहेत ते जुन्या गिरणीचं मिल कंपाउंड यात फक्त एक गल्ली आहे. दीडला बार बंद होतात, पण मग गाडी येईपर्यंत लोक गल्लीत उभे, हॉर्न, आरडाओरडा, भांडणं, आणि व्हॅलेवाले गाड्या लावतात आमच्या गेटसमोर. आमच्याकडे पाणी पहाटे येतं. आई सत्तरीची, बीपीची पेशंट, तीनला डोळा लागतो न लागतो तोच पाणी भरायला उठते. ११२ ला फोन केला की व्हॅन येते, आवाज उतरतो, व्हॅन गेली की परत चालू. निवासी भागात रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे ती कोणासाठी?

मेट्रोमॅन:
शहराच्या मध्यभागी राहायचं आणि गावची शांतता पाहिजे, कसं जमणार? जानेवारी २०२० मधे २४ तास मुंबई आणली तेव्हा पण पबची वेळ दीडच ठेवली होती, सूट मॉल आणि खाण्याच्या दुकानांना होती. आणि दहीहंडीला तुमच्याच गल्लीत डीजे लागतो तेव्हा कुठे जातात ते ४५ डेसिबल?

डिलाईलरोडकर:
डीजेवरून मी मंडळात भांडलोय, वर्गणी बंद केलीये. आणि सणांना बारापर्यंत सूट वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, हे दर शुक्रवार-शनिवार चालतं. तुलना तरी नीट करा.

साउंडवाला:
मी हेच काम करतो म्हणून सांगतो, मीटरवर आकडा कमी दिसतो कारण नियमातलं मोजमाप डीबी-ए मधे आहे, त्यात बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, फार कमी धरला जातो. भिंतीतून येतो तो बासच. खिडकी थरथरते आणि कागदावर सगळं ओके.

गिरणीचा_नातू:
आवाजाचं काय घेऊन बसलात, आधी जमिनीचं बोला! १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जागेचा एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला मिळायचा होता. २००१ ला बदल करून तो हिस्सा फक्त मोकळ्या जागेपुरता ठेवला आणि २००६ मधे सुप्रीम कोर्टात तोच टिकला. आजोबांनी ज्या खात्यात रातपाळ्या केल्या तिथे आता कॉकटेल मिळतं आणि त्यांचा घराचा अर्ज अजून पडून आहे.

मेट्रोमॅन:
८२ चा गिरणी संप किती वर्षं उगाळणार? पबचा विषय चाललाय ना?

गिरणीचा_नातू:
अडीच लाख कामगारांची घरं बसली त्यात, उगाळणारच! तुम्ही तिथे ब्रंच करता, आम्ही तिथे वाढलो. जमीन वाटणीप्रमाणे मिळाली असती तर तिथे घरं, मैदानं असती, हा धागाच निघाला नसता.

मेट्रोमॅन:
पर्सनल जाऊ नका. माझे वडील पण गिरणीत होते, संपानंतर त्यांनी वडापावची गाडी लावली. रात्री चालणारा धंदा म्हणजे काय ते मला शिकवू नका.

रातपाळी_कल्याण:
मी त्याच कंपाउंडमधे एका किचनला आहे. शेवटची लोकल चुकली की पहिली गाडी सुटेपर्यंत फलाटावर बसायचं. इथे सगळे मालक आणि रहिवाशांचंच बोलतात. पब बंद झाले तर माझं घर कसं चालणार? पण २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, त्यानंतर ड्युटीवर गेलो की आधी मागचा दरवाजा उघडा आहे का बघतो. तपासणी व्हायलाच पाहिजे, रोज.

डिलाईलरोडकर:
दादा, तुमच्या पोटावर पाय आणायचा नाहीये. बंद करा असं मी कुठेच लिहिलं नाही. गच्चीवर स्पीकर नको, व्हॅले कंपाउंडच्या आत, लोक बाहेर पडताना गल्लीच्या तोंडाशी त्यांचाच माणूस उभा. एवढंच मागतोय.

मेट्रोमॅन:
व्हॅलेचं मान्य, गेट अडवणं चूकच. पण गच्चीवर दहापर्यंत हळू म्युझिकला पण तुमची हरकत असेल तर मात्र अति होतंय.

डिलाईलरोडकर:
दहापर्यंत खुशाल लावा. दहा म्हणजे दहा.

गिरणीचा_नातू:
आणि म्हाडाचा हिस्सा? त्यावर कोणी बोलणार आहे का?