विद्यापीठातल्या सेमिनारला बाहेरच्या माणसाने बसावं का? आणि "हे नंतर बोलू" म्हणजे काय समजायचं?

नमस्कार मंडळी, जरा मार्गदर्शन हवं आहे.

शिक्षण बी.एस्सी.पर्यंत, त्यालाही वीस वर्षं झाली. नोकरीचा विज्ञानाशी काडीचा संबंध नाही. मध्यंतरी विद्यापीठात गुरुत्वीय लहरींवर (अवकाशातून पसरणारे, अंतरं किंचित ताणणारे-आकसवणारे तरंग) जाहीर व्याख्यान होतं, त्याला गेलो. चार किलोमीटर लांबीच्या नळ्या, टोकांना टांगलेले आरसे, आणि लहर आली की त्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा! घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच.

बाहेर पडताना फलकावर पुढच्या आठवड्यातल्या सेमिनारची सूचना दिसली. विषय तोच, खाली 'सर्वांना आमंत्रण'. अर्धी रजा टाकून गेलो आणि फजिती झाली. लहानशी खोली, चौदा माणसं, सगळी एकमेकांच्या ओळखीची. दहा मिनिटांनंतर ओ की ठो कळेना. माझ्या वहीत पहिलं पान गच्च भरलंय आणि दुसऱ्यावर एकच शब्द: 'लेप?'

शेवटी धीर करून विचारलं, की आरशाचे अणूच उष्णतेने त्याहून कितीतरी जास्त हलत असणार, मग एवढासा फरक दिसतो कसा? वक्ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, हे आपण नंतर बोलू." दोघं-तिघं हसले. (कदाचित दुसऱ्याच कशाला तरी.) मी चहाला न थांबता सटकलो.

मला गप्प बसवलं का? आणि पुन्हा जावं की नाही?

प्रतिसाद १:
जा की! फक्त कुठे जाताय ते बघून जा. जाहीर व्याख्यान कोणासाठीही असतं. कलोक्वियम सगळ्या विभागासाठी, म्हणजे शेजारच्या शाखेतल्या प्राध्यापकालाही निदान पहिला अर्धा तास कळावा अशा बेताने केलेलं. सेमिनार मात्र त्याच प्रश्नावर काम करणाऱ्यांचं. तिथे वक्त्याला मधेच अडवणं हा उद्धटपणा नसतो, ती रीतच आहे. तुम्ही एकदम पहिल्या पायरीवरून तिसरीवर उडी मारलीत. आधी काही कलोक्वियम ऐका.

शीर्षकावरूनही काही ठरवू नका, सारांश वाचा. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी जून 1993 मध्ये केंब्रिजला तीन व्याख्यानं दिली. शीर्षकात फर्माचं नावसुद्धा नव्हतं आणि तिसऱ्या दिवशी शेवटी, साडेतीनशे वर्षं सिद्ध न झालेलं फर्माचं प्रमेय फळ्यावर आलं. पुढे त्या सिद्धतेत चूक निघाली, ती दुरुस्त व्हायला 1994 उजाडलं. तेव्हा सेमिनारमध्ये ऐकलेलं सगळंच पक्कं धरायचं नसतं.

प्रतिसाद २:
तुमचा प्रश्न बावळट मुळीच नाही. थोडक्यात उत्तर असं: ती लांबी मोजणारा लेझरचा झोत काही सेंटिमीटर रुंद असतो. तो असंख्य अणूंवरून परावर्तित होतो, त्यामुळे एकेका अणूची थरथर सरासरीत जवळजवळ मिटते. शिवाय आरशाचं द्रव्य असं निवडतात, की औष्णिक हालचाल बरीचशी आरशाच्या स्वतःच्या कंपन-वारंवारतांपाशी गोळा व्हावी, जिथे मोजमाप करायचंच नसतं. तरीही थोडी उरतेच, आणि सगळ्यात त्रास देते ती आरशावरच्या परावर्तक लेपातली. त्यावर आजही काम चालू आहे. तुमच्या वहीतला 'लेप?' तो हाच!

"नंतर बोलू" म्हणजे बहुतेक वेळा 'उत्तर लांब आहे, वेळ संपलीय' एवढंच. शब्दशः घ्यायचं आणि चहाला थांबायचं. खरं बोलणं तिथेच होतं. आता दोन ओळींची मेल टाका: कोणत्या दिवशी आलो होतो आणि प्रश्न काय होता. आत्मचरित्र नको.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. मेल लिहून ठेवलीय, सकाळी पुन्हा वाचून पाठवतो. एक विचारायचं राहिलं. स्लाइडचे दोन फोटो काढले होते. चालतं ना?

प्रतिसाद २:
आधी विचारायला हवं होतं. सेमिनारमध्ये अप्रकाशित आकडे दाखवलेले असतात. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेसमध्ये (अप्रकाशित संशोधनावर चर्चा करायच्या परिषदा) तर स्लाइडचे फोटो काढायला सरळ बंदी असते. काढलेत ते वहीसारखे स्वतःपाशी ठेवा, कुठल्या ग्रुपवर टाकू नका.