१२ लाखांवाली रील (सोसायटी ग्रुप, रविवार रात्र)

बी-३०४: ही रील बघा सगळ्यांनी, १२ लाखांपर्यंत झीरो टॅक्स, शेअर्सचा नफा असला तरी टेन्शन नाही म्हणतोय. सीएला कशाला पैसे द्यायचे, दोन मिनिटांत होतं म्हणे

ए-१०१: मस्तच, फॉरवर्ड केली ऑफिसच्या ग्रुपवर

सी-२०२: अरे थांबा जरा. पगारापुरतं बरोबर आहे त्याचं, नवीन रेजीममध्ये स्टँडर्ड डिडक्शन ७५ हजार धरलं तर पावणेतेरापर्यंत काही लागत नाही. पण लिस्टेड शेअर्स वर्षाच्या आत विकले तर त्या नफ्याला स्लॅब नाही, वेगळा २०% रेट आहे आणि ८७ए चा रिबेट, म्हणजे १२ लाखांपर्यंतचा टॅक्स शून्य करणारी सूट, तिथे चालत नाही

बी-३०४: काका मला ९ लाख पगार आणि २ लाख शेअर्सचे, टोटल ११च झाले की

सी-२०२: हो, १२ च्या आतच. तरी त्या २ लाखांवर ४० हजार, वर ४% सेस, म्हणजे ४१,६००. बोलला का तो हे?

बी-३०४: नाही. शेवटी लिंकवर क्लिक करा म्हणाला, रिफंड पण काढून देतो

ए-५०३: लिंक नको रे बाबा!! आमच्या नणंदेच्या मिस्टरांना असाच एक जण २०२४ ला रीलवरून टेलिग्रामवर घेऊन गेला, आधी एक रुपया नको म्हणाला, रिफंड आला की त्यातले १० टक्के, आणि आला हो खरंच, ४६,८०० रुपये, घरात पेढे वाटले. पुढच्या वर्षी इन्कम टॅक्स डिपार्टमेंटचा एसएमएस आला तेव्हा कळलं की त्या पठ्ठ्याने ८०जीजीसी खाली दीड लाखाची देणगी दाखवली होती, ती पण अशा राजकीय पक्षाला ज्याचं नाव यांनी जन्मात ऐकलं नव्हतं, हे तर मतदानाला जायचा कंटाळा करतात! आणि पोर्टलवर ईमेल त्याने स्वतःचाच टाकलेला, त्यामुळे आधीच्या मेल यांना दिसल्याच नाहीत

बी-४०१: मग?

ए-५०३: मग काय, अपडेटेड रिटर्न भरलं, म्हणजे चूक सुधारून पुन्हा. ४६,८०० परत, त्यावर व्याज, आणि या दोन्हींवर २५% जादा टॅक्स. त्याचे १० टक्के गेले ते गेलेच, नंबर बंद

सी-२०२: लवकर सुधारलं म्हणून २५ वर भागलं. खोटा क्लेम डिपार्टमेंटने धरला तर चुकवलेल्या टॅक्सच्या २००% पर्यंत पेनल्टी असते. जुलै २०२५ मध्ये असल्याच एजंटांवर देशभर १५० च्या वर ठिकाणी तपासणी झाली, तेव्हा डिपार्टमेंटने सांगितलं होतं की आधीच्या ४ महिन्यांत साधारण ४०,००० लोकांनी १,०४५ कोटींचे खोटे क्लेम मागे घेतलेत

ए-१०१: पण रिफंड आला म्हणजे पास झालं ना? चुकीचं असतं तर दिलाच नसता

सी-२०२: रिफंड आला म्हणजे कोणी पावत्या बघितल्या असं नाही. पावत्या नंतर मागतात. आणि रिटर्न तुझ्या पॅनवर आहे, रीलवाल्याच्या नाही

बी-४०१: सीए तरी कुठे धुतल्या तांदळासारखे असतात, आमच्याने चुकीचा फॉर्म भरला होता

सी-२०२: मान्य. पण त्याच्या ऑफिसात जाऊन भांडलात ना? टेलिग्रामवर कोणाच्या दारात जाणार

बी-४०१: ते आहे 😄 दोन चकरा मारल्या, फुकटात दुरुस्त करून दिलं

सी-२०२: ३०४, पोर्टलवर लॉगिन कर, प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाइल तुझाच आहे का बघ, मग एआयएस उघड, तुझ्या उत्पन्नाची डिपार्टमेंटकडे असलेली माहिती त्यात दिसते

बी-३०४: दोन्ही माझेच आहेत. पण एआयएसमध्ये डिव्हिडंडचे ३,२०० दिसतायत, ते मी धरलेच नव्हते 🙈

सी-२०२: सकाळी ये ब्रोकरचं स्टेटमेंट घेऊन. चहा तू आणायचा

ए-१०१: मी पण येऊ का काका, मला आईला भाडं दाखवायचंय एचआरएसाठी, घरभाड्याची सूट घ्यायला

सी-२०२: दाखवायचंय की देतोस?

ए-५०३: 😂😂

ए-१०१: येतो, समोरासमोरच बोलू