साभार परत आलेल्या कथा आणि लिहित्या सोबत्यांचा शोध : मदत हवी आहे

नमस्कार. गेली ४ वर्षे मी दिवाळी अंकांसाठी कथा पाठवत आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या परंपरेत आपलीही एखादी कथा छापून यावी, ही माझी फार जुनी इच्छा आहे, परंतु आतापर्यंत ११ कथा नाकारल्या गेल्या आणि त्यांपैकी ७ वेळा ‘साभार परत’ एवढेही उत्तर आले नाही. नकारापेक्षा हे मौन मला अधिक जड जाते, कारण कथा फसली, की ती केवळ अंकाच्या पानांत बसली नाही, हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. ऑगस्टमधल्या शेवटच्या नकारानंतर मी वही उघडलेली नाही.

घरचे धीर देतात, पण त्यांना माझे सगळेच आवडते. मला कच्चा खर्डा वाचून तो कुठे सैल पडला आहे हे स्पष्ट सांगणारे सोबती हवे आहेत. नाशिक परिसरात एकमेकांचे लेखन वाचणारा गट कोणाला माहीत आहे का? नसल्यास तो सुरू करण्याची माझी तयारी आहे. तसेच, परत आलेली कथा आपण लगेच दुसरीकडे पाठवता, की काही महिने बाजूला ठेवून पुन्हा लिहिता, आणि उत्तरच न आल्यास संपादकांना किती दिवसांनी विचारणे योग्य ठरते, हे अनुभवी लेखकांनी कृपया सांगावे.