मदत हवी आहे: मॉनिटर टॉप फ्रिज आणि रोलरचं वॉशिंग मशीन कमी खर्चात कसं पाठवावं?

धागालेखक
दोन वस्तू दुसऱ्या संग्राहकाकडे पाठवायच्या आहेत. एक जनरल इलेक्ट्रिकचा मॉनिटर टॉप फ्रिज, १९३०च्या दशकातला. कॉम्प्रेसर डोक्यावर, गॅस शाबूत, अजून थंड करतो. दुसरं, कपडे पिळायचे रोलर असलेलं वॉशिंग मशीन. अंतर रस्त्याने साधारण ९०० किमी. कुरियरचा आकडा वस्तूंच्या किमतीच्या वर जातोय. फ्रिजचं चौकटीसकट माप ७५ × ६५ × १७० सेंमी. डोकं उतरवून वेगळं पाठवावं का? आडवा टाकला तर चालेल का?

प्रतिसाद १
कुरियर सोडा. हवाई कुरियर बहुतेक वेळा सेंमीतल्या घनफळाला ५००० ने भागून वजन धरतात. तुमच्या मापाने ते जवळजवळ १६६ किलो होतं आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा हा आकडा मोठा असला तर बिल याच आकड्याचं. त्यामुळे चौकटीचा प्रत्येक वाया गेलेला सेंमी पैसे खातो.

रस्त्याने पार्ट लोड (पूर्ण ट्रक न घेता त्यातली थोडी जागा) बघा, त्यातही माल उतरवून रिकामी परतणारी गाडी. तारखेत आठ-दहा दिवसांची मुभा दिलीत तरच असा दर हाती लागतो. घरसामान हलवणाऱ्या ट्रकमधली उरलेली जागाही चांगली, कारण तिथे पट्टे आणि जाड चादरी आधीच असतात. दोन्ही टोकांना गोदामापर्यंत ने-आण स्वतः केलीत तर दारातून उचलण्याचे आणि टेल-लिफ्टचे (ट्रकच्या मागच्या उचलणाऱ्या फळीचे) पैसे वाचतात.

दर विचारताना एक प्रश्न विसरू नका: माल वाटेत किती वेळा उतरतो? गाडी बदलणारा स्वस्त दर मला महागच वाटतो. टवके उडतात ते चालत्या गाडीत कमी, चढ-उतारात जास्त.

प्रतिसाद २
आडवा टाकू नका. कॉम्प्रेसरच्या तळातलं तेल नळ्यांत आणि सिलिंडरमध्ये शिरतं, मग सुरू करताच झडपांवर ताण येतो. सीलबंद युनिट असल्यामुळे झडप तुटली की दुरुस्ती फार अवघड.

या फ्रिजचं डोकं आणि खाली लोंबणारा बर्फाचा कप्पा हे एकच युनिट आहे, वरून सरळ उचलून निघतं. मी ते वेगळं पाठवण्याच्या बाजूचा आहे. डोकं वर असताना सगळा भार वर राहतो आणि वळणावर फ्रिज कलंडायला बघतो. उतरवलेलं युनिट मात्र त्या कप्प्यावर कधीच टेकवू नका. लाकडी चौकट अशी करा की वरची सपाट पाटी चारही बाजूंनी कडांवर बसेल आणि कप्पा अधांतरी राहील, खाली निदान ५ सेंमी मोकळं. उचलायला दोघं-तिघं लागतात, आणि हात पाटीखाली घालायचे, नळ्यांना नाही.

फ्रिजच्या कपाटाचे (युनिट काढल्यावर उरणाऱ्या पेटीचे) पाय बारीक असतात, आडवा धक्का सोसत नाहीत. पायांमध्ये लाकडी ठोकळे रचून भार थेट कपाटाच्या तळावर घ्या, पाय पॅलेटपासून (माल बांधायच्या लाकडी पाटापासून) सुटे राहू देत.

प्रतिसाद ३
गॅसचं आधी बघा. या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड असतो, नंतरच्या काही मॉडेलांत मिथाइल फॉर्मेट. पहिला विषारी, दुसरा ज्वलनशील. नावाच्या पट्टीवर मॉडेल वाचा आणि वाहतूकदाराला लेखी कळवा. सल्फर डायऑक्साइड धोकादायक मालाच्या २.३ (विषारी वायू) वर्गात येतो, त्यामुळे काही जण नकार देतील. लपवून पाठवू नका. ड्रायव्हर किंवा माणसं बसतात त्याच बंद जागेत तो ठेवायचा नाही. जळलेल्या काडीसारखा झोंबणारा वास आला की लगेच लांब व्हायचं. ‘रिकामा करून पाठवतो’ म्हणून गॅस सोडून देऊ नका.

धागालेखक
कळलं, युनिट वेगळंच करतो. पॅलेट पुरेल की बंद खोका हवा? आणि वॉशिंग मशीनचं काय?

प्रतिसाद १
पॅलेटवर लाकडी पट्ट्यांची उघडी चौकट. आत काय आहे ते दिसलं की हमाल जपून धरतात. बंद खोक्यावर दुसरा माल चढतो. १२० × १०० सेंमीच्या पॅलेटवर कपाट (७५ × ६५) आणि ५५ × ५५ ची युनिटची चौकट शेजारी-शेजारी बसतात, ६५ आणि ५५ मिळून बरोबर १२०. वॉशिंग मशीनला दुसरं पॅलेट लागेल.

इनॅमलवर आधी सुती चादर, मग फोम, पट्ट्याखाली पुठ्ठ्याचे कोपरे. फुग्यांचं प्लास्टिक थेट रंगावर नको, उन्हात फुग्यांचे ठसे उमटतात. रंगावर चिकटपट्टी तर अजिबात नाही, निघताना जुना रंग सोबत घेऊन येते. वस्तू पॅलेटला आणि पॅलेट गाडीला, असे दोन वेगळे रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) लावा. पट्टा हँडलवरून किंवा बिजागरीवरून नेऊ नका.

प्रतिसाद २
वॉशिंग मशीनच्या रोलरचा दाब पूर्ण सोडा. दाबून ठेवलेलं रबर एका जागी चपटं होतं. रोलरचं डोकं उतरवून वेगळं गुंडाळा. आतला घुसळणारा भाग काढा, नाहीतर तो टबाचं इनॅमल ठोकत राहतो. चाकं काढून ठेवा. गिअरबॉक्सचं तेल काढलंत तर ‘तेल नाही, चालवू नये’ अशी चिठ्ठी विजेच्या प्लगलाच बांधा, मशीनवर चिकटवली तर गळून पडते. जुन्या रबरी वायरचा घट्ट गुंडाळा करू नका, आतून तडकते.

प्रतिसाद ३
विम्यात ‘आतला यांत्रिक बिघाड वगळून’ असं कलम आहे का ते वाचा, वापरलेल्या उपकरणांना बऱ्याचदा असतं. मग बंद करण्याआधीचा चालू स्थितीतला व्हिडिओ आणि चारही बाजूंचे फोटो हाच पुरावा. घेणाऱ्याने पावतीवर सही करण्याआधी चौकट उघडून बघावी आणि दिसेल ते नेमकं लिहावं: ‘दाराच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला २ सेंमीचा टवका’. नुसतं ‘तपासून घेऊ’ लिहिलं तर दावा टिकायला अवघड. युनिट कपाटावर बसवल्यावर २४ तास उभं राहू दे, मगच प्लग लावा.