मदत हवी आहे: ट्राउट माशांसाठी आमिष म्हणून मळलेली कणीक तरंगवायची कशी?

कॅलिफोर्नियात लिव्हरमोरजवळच्या डेल व्हॅले तलावावर काठावरून रेनबो ट्राउटसाठी गळ टाकतो. परवाना आहे, होडी नाही. थंडीत तिथे हॅचरीतले (मत्स्यपैदास केंद्रातले) मासे सोडतात. ते गोळीखाद्यावर वाढलेले असल्याने पिठाचं आमिष घेतात.

माझं मिश्रण: कणीक, किसलेलं चेडार चीज, ठेचलेला लसूण आणि चिमूटभर हिंग. अडचण वासाची नाही, वजनाची आहे. आपल्याकडे रोहू-मृगळसाठी गोळा तळाशी गेला तरी चालतो. इथे तळाला शेवाळ आहे, आणि ट्राउट त्याच्या वरून फिरतो. शिसं तळाशी, पुढे दीड-दोन फूट बारीक दोरा, सोळा नंबरचा तीन टोकांचा गळ, अशी मांडणी आहे. गोळा वर उचलला जायला हवा, पण तो शेवाळात गाडला जातो.

कापसाचे धागे मिसळले. पकड छान आली, पण तरंगत नाही. ज्वारीच्या लाह्यांची भरड घातली तर मस्त वर येतो, पण थोड्याच वेळात भिजून सुटतो. वाफवल्यावर रबरासारखा होतो आणि फेकताना गळावरून निसटतो. मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) तरंगतो, पण चिमटीत दाबला की त्यातली हवाच जाते.

बाजारातलं पॉवरबेट (ट्राउटसाठीचं तयार आमिष) माहीत आहे, ते नको, गांडुळंही नकोत. अंडं चालेल. पाण्यात सुटून पडलं तरी माशांना अपाय होणार नाही असंच काही हवं, म्हणून थर्माकोलचे मणी बाद.

लाह्यांचा हलकेपणा ठेवून गोळा थंड पाण्यात अर्धा तास टिकावा, यासाठी कणकेत काय आणि किती घालू?