वेल्डर ट्रेडच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांचं एकच माप ठरवता येईल का?

शिल्पनिदेशक, चोपडा:
आमच्या भागातल्या आयटीआयचे काही निदेशक आणि जळगाव एमआयडीसीतले दोन-तीन कारखानदार मिळून वेल्डर ट्रेडसाठी सामायिक मूल्यमापन पत्रक करायचं म्हणतोय. अभ्यासक्रम डीजीटीचा (केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचा), एक वर्षाचा, देशभर सारखा. तरी पोरगं प्रमाणपत्र घेऊन कारखान्यात गेलं की त्याची पुन्हा पहिल्यापासून परीक्षा घेतात. ‘कामाचा दर्जा’ या एका रकान्यात मी काय बघतो आणि शेजारचा निदेशक काय बघतो, याचा मेळच नाही. एनएसक्यूएफ, म्हणजे कौशल्याच्या पातळ्या ठरवणारी राष्ट्रीय चौकट, २०१३ पासून आहे, पण त्यातल्या पातळीच्या वर्णनावरून अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली चर) किती चालवून घ्यायचा ते कळत नाही. मुलांचं वर्ष यात अडकतं. सुरुवात कुठून करावी?

फॅब्रिकेशनवाला, जळगाव:
भो, पत्रकात आधी पोझिशन लिहा, म्हणजे जॉइंट कसा ठेवून वेल्ड करायचा ते. १जी म्हणजे सपाट ठेवलेली पाटी वरून वेल्ड करायची, ते बहुतेकांना जमतं. ३जी, उभा जॉइंट खालून वर नेताना हात कळतो. आम्ही १० मिमीची पाटी देतो, व्ही ग्रूव्ह (कडा तिरप्या करून केलेली व्ही आकाराची खाच), मग पट्टी कापून रूटची, म्हणजे वेल्डच्या तळाची बाजू बाहेर ठेवून यू आकारात वाकवतो. ३ मिमीपेक्षा मोठी भेग उघडली की नापास. एएसएमई या अमेरिकी इंजिनिअर संस्थेच्या कोडमधल्या सेक्शन ९ मध्ये हीच मर्यादा आहे. पट्टी वाकवल्यावर कुणाच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. आणि ७०१८ चा रॉड (ओल न चालणारा वेल्डिंग रॉड) ओव्हनमधून काढून वापरायचा असतो, हे पोराला माहीत आहे का तेही विचारा. बीड (वेल्डची रेघ) कितीही सुंदर दिसू दे, दमट रॉडने केलेलं काम पुढे तडकतं.

निवृत्त वर्कशॉप सुपरवायझर, भुसावळ:
पत्रक लिहायच्या आधी एक करा. वेल्ड केलेले तेच चार जॉब सगळ्या परीक्षकांसमोर ठेवा, एकमेकांशी न बोलता गुण द्यायला लावा, मग ताडून बघा. जिथे तफावत पडेल तिथलाच रकाना नीट लिहायचा. बाकीच्यावर वेळ घालवू नका. सेफ्टीला गुण नकोत. ग्राइंडरला गार्ड नसताना चालवला, की तिथेच थांबवायचं.

निदेशिका, शिरपूर:
आमच्याकडे पट्टी वाकवायचं यंत्र नाही, लहान संस्थांमध्ये बहुतेक हेच असेल. तिथे फिलेट (काटकोनात लावलेल्या दोन पाट्यांच्या कोपऱ्यातला वेल्ड) तोडून बघता येतो: टी-जॉइंट एकाच बाजूने वेल्ड करा, वेल्डवर खाच पाडा, हातोड्याने दुमडून तोडा. आतला स्लॅग (रॉडची मळी), छिद्रं, रूट सुटलेला, सगळं उघड्यावर येतं. पत्रकात दोन्ही चाचण्या ठेवा, नाहीतर गरीब संस्था पहिल्याच दिवशी बाहेर पडेल. आणि शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कारखान्यांनी हेच पत्रक मानायचं, एवढं त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या. तेवढं झालं नाही तर माझ्या मुलींच्या हाती आणखी एक कागद येईल, काम नाही.

शिल्पनिदेशक, चोपडा:
ताई, लिहून घेण्याचं पहिल्याच बैठकीत घेतो. भुसावळच्या काकांची पद्धतही पटली. चार जॉब मी करून आणतो, त्यातल्या एकात मुद्दाम रूट अर्धवट सोडतो. फॅब्रिकेशनवाले भाऊ, पट्टी वाकवायला तुमच्याच शॉपवर जमलं तर बरं होईल. कोणता वार चालेल ते कळवा.