पोरीला मुलींच्या गटात खेळवू की खुल्या?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. आजोबांनी मंगळवार पेठेतल्या घरी सोप्यात बसवून तिला बुद्धिबळ शिकवलं. मुलींच्या गटात ती दोनदा पहिली आली, म्हणून परवाच्या स्पर्धेत हट्टानं खुल्या गटात नाव घातलं. सात फेऱ्यांत दीड गुण. पाचव्या फेरीत एक हत्ती जास्त असताना घाईत वजीर फुकट दिला. डाव लिहिलेला कागद घडी घालून कंपासपेटीत टाकला आणि घरी येईपर्यंत गप्प. बाहेर एक पालक म्हणाले, "तिकडं ढाल हमखास होती की. पोरांच्यात कशाला घातलासा?"

रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, पुढच्या वेळी पण मी खुल्यातच खेळतो."

मला काय बोलावं सुचेना. दिव्या देशमुखनं 2025 मध्ये बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा ही टीव्हीसमोरून हलली नव्हती. पण जिंकलेल्यांचं तिला माहीत आहे. हरत हरत पुढं गेलेल्या कुणाचं सांगता येईल का?

कृष्णाकाठचा:
ताई, खुल्यातच खेळवा. आमच्या सांगलीच्या भाग्यश्री साठे (लग्नानंतर ठिपसे) पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या, त्यांचं जरूर सांगा. आणि तो कागद टाकून देऊ नका.

तिरका_उंट:
ताई, मी राजारामपुरीत राहतो. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, मधल्या सुट्टीत पट मांडून बसायचो. तुमच्या मुलीला वेरा मेन्चिकची गोष्ट सांगा.

जन्म मॉस्कोत, 1906 चा. वडील चेक, आई इंग्रज. 1921 मध्ये इंग्लंडात हेस्टिंग्जला आली तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं, पण पटावर भाषा लागत नाही. 1927 मध्ये लंडनला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथं 11 पैकी साडेदहा गुण मिळवून ती जगज्जेती झाली.

आता पुढचं नीट सांगा. 1929 मध्ये कार्ल्सबादला 22 खेळाडूंच्या स्पर्धेत ही एकटी बाई. बेकर नावाच्या एका खेळाडूनं थट्टा केली, की हिच्याकडून जो हरेल त्याला 'वेरा मेन्चिक क्लब'चा सभासद करायचं. पहिला सभासद तोच झाला! पण त्या स्पर्धेत वेरा शेवटून पहिली आली. 21 डावांत 3 गुण. महिलांत जवळजवळ सगळे डाव जिंकणारी बाई इथं तळाला, तरी पुन्हा पुरुषांच्याच स्पर्धांना जात राहिली. पुढच्या दोन-तीन वर्षांत हेस्टिंग्जला तिनं मॅक्स युवेला दोनदा हरवलं. हा युवे 1935 मध्ये जगज्जेता झाला.

आणि हा धागा आपल्याकडं येतो. 1976 मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निकाल तिच्या बाजूनं लागला. बायकांना कुठल्याही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही, असं तेव्हा फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, अध्यक्षांनी ठरवून दिलं. अध्यक्ष कोण? तोच मॅक्स युवे. वेरासमोर बसून हरलेला माणूस. मला हे फार मोठं वाटतं. बाईचा खेळ कसा असतो ते त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

वेराला हे बघायला मिळालं नाही. 26 जून 1944 ला लंडनमधल्या घरावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला. ती, बहीण आणि आई, तिघी गेल्या. तेव्हाही जगज्जेती तीच होती.

दीड गुण झाला म्हणून मुलीला मागं ओढू नका. फक्त वेळ सांभाळायला शिकवा. वजीर घाईत जातो.

रंकाळाकाठ:
सर, काल रात्री सगळं वाचून दाखवलं. बॉम्बचं ऐकून बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "शेवटून पहिली आली तेव्हा तिनं कागद ठेवले असतील?" मी म्हटलं, ठेवले असणारच.

आज शाळेतून आल्यावर कंपासपेटीतला कागद स्वतःच काढला. आत्ता आजोबांसमोर पाचवी फेरी मांडून बसलीय. वजीर अजून पटावर आहे.